मळईचा गाळ

पुराचं पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी मळईत, नदीकाठच्या आमच्या गाळाच्या रानात, पाय ठेवता आला. तोवर बांधावर उभं राहून नुसतं बघत होतो. माय सोबत होती. वय ऐंशीच्या घरात, तरी काठी टेकत आली. "किती ऱ्हायलंय ते डोळ्यानं बघू दी," एवढंच म्हणाली.

आमची एकूण नऊ एकर. सहा एकर वरचं काळं रान आणि तीन एकर गंगेच्या काठाला लागून मळई. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकात. घरात, शिवारात, बाजारात ती गंगाच, आणि तिच्या दोन्ही काठांचा पट्टा म्हणजे गंगथडी. गाव पाथरी तालुक्यात, मंजरथच्या संगमाच्या खालच्या अंगाला. त्यामुळं पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी आणि सिंदफणा नदीचं पाणी, दोन्ही एक होऊनच आमच्या शिवारात येतं. २०२५च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडून एकदम आलं. जायकवाडी भरलेलंच होतं, वर पाऊस थांबेना, आणि २८ तारखेला पैठणहून ३ लाख क्युसेकच्या वर विसर्ग गेला. ते पाणी आमच्यापर्यंत यायला साधारण एक दिवस-रात्र लागते. शेजारच्या नानांचा फोन आला, "पाणी चढायलंय, मोटार काढून घे." मोटार काढली, स्टार्टर काढला. पाइप राहिले ते गेले.

चौथ्या दिवशी जे दिसलं ते असं. मळईच्या वरच्या टोकाला, ज्या अंगानं पाणी शिरलं तिथं, जमीनच नव्हती. ऊस मुळासकट गेला होता, दोन-अडीच फूट माती खरडून निघाली होती आणि खालची पिवळसर चुनखड उघडी पडली होती. जवळजवळ दीड एकर. खालच्या टोकाला, जिथं जुन्या बाभळी आणि करंजांची रांग अजून उभी आहे, तिथं नेमकं उलटं. पाणी झाडांत अडखळलं, मंदावलं आणि अंगावरचं ओझं तिथंच उतरवून पुढं गेलं. दीड एकरावर चार बोटं जाडीचा गाळ. पूर तोच, रान तेच, मध्ये दोनशे पावलांचं अंतर.

खाली बसलो आणि गाळाची एक पोपडी उचलली. उन्हानं वरचा थर तडकला होता, प्रत्येक तुकडा कडेला वर वळलेला, वाळत घातलेल्या पापडासारखा. हातात जड लागला. मोडला तर आत थर स्पष्ट दिसत होते. तळाला बारीक वाळू, तिच्यावर काळसर पोयटा, सगळ्यात वर लोण्यासारखी चिकण माती, बोटानं चोळली की चमकणारी. जड ते आधी बसतं, हलकं शेवटी बसतं. पाणी जसजसं शांत झालं तसतशी ही उतरंड लागत गेली. मधल्या पोयट्यात कुजलेला पाला होता, एक गोगलगायीचा शंख होता आणि कुणाच्या तरी रानातलं तुरीचं शेंग धरलेलं डहाळं होतं. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. केलं, तिथं मृदाशास्त्राच्या तासाला हे सगळं फळ्यावर काढलं होतं. पण वहीतला तो तक्ता आणि हातातली ती पोपडी यांत फार अंतर आहे.

वरच्या टोकालाही झाडांची तशीच रांग होती. २०११ साली मी ती काढली. उसाच्या चार सऱ्या वाढाव्यात म्हणून जेसीबी लावून करंज, बाभळी, खालचं गवत, सगळं उपटलं आणि काठापर्यंत नांगर नेला. आप्पा तेव्हा होते. नको म्हणाले. मी ऐकलं नाही. चौदा उसाळ्यांत त्या चार सऱ्यांनी जे दिलं असेल त्याच्या कितीतरी पट एका रात्रीत गेलं. हे लिहायला जड जातंय, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

पंचनामा झाला. नुकसानीचे दोन रकाने असतात. जमीन खरडून किंवा वाहून गेली असेल तर हेक्टरी ४७ हजार. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८ हजार. मी दोन्हीकडं बसत होतो. खालच्या दीड एकराचं मी नको म्हणालो. पंचनाम्याला आलेला पोरगा भला होता, त्यानं दोनदा विचारलं, "काका, गाळाचे पैसे सोडायलाव का?" त्याला म्हटलं, बाळा, जाड वाळू आली असती तर घेतले असते. हा गाळ नुकसान नाही. कागदावर मात्र दोन्ही गाळ सारखेच. ज्या गाळानं ही सगळी गंगथडी घडली, तो आता शेतातून काढून टाकायचा कचरा म्हणून मोजला जातो.

आप्पांनी मला गाळ शिकवला तो कराडीवर. आमच्या मळईच्या खाली नदीनं काठ उभा कापलेला आहे, पुरुष-दीड पुरुष उंचीचा. त्यात वेड्या राघूंची बिळं होती. मी सहावी-सातवीत असेन. राघूंची अंडी बघायला म्हणून गेलो, तर आप्पांनी कराडीवर हात ठेवून एकेक थर दाखवला. हा काळा, हा वाळूचा, हा परत काळा, ही शिंपल्यांची रांग, इथं चुनखडीचे खडे, आणि पार खाली एक खापराचा तुकडा. कुणाच्या तरी चुलीवरचं गाडगं, किती शतकांपूर्वीचं कोण जाणे. मग म्हणाले, "ही जमीन आपल्या आज्या-पंज्यानं इकत घेतली न्हाई. गंगंनं आणून टाकली. तिला वाटंल तव्हा माघारी नेईल. आपल्याकडं नुसता कागद हाय, खरा सातबारा तिच्याकडं हाय."

त्या काळी मळईत ऊस नव्हताच. खरिपाला मळई मोकळी, पूर यायचा म्हणून. पाणी उतरलं, वाफसा आला की हरभरा, करडई, कधी गहू. पाण्याची एक पाळी न देता येणारं पीक. उन्हाळ्यात खाली वाळवंटात भोयांच्या वाड्या पडायच्या. वाळूत ओल लागेस्तोवर चर खणायचा, तळाला कुजलेलं शेणखत, त्यात टरबूज, खरबूज, वाळकाचं बी. वर धगधगती वाळू आणि वेलाची मुळं खाली गारव्यात. रात्री राखणीला त्यांची पोरं वाळूवरच झोपायची. प्यायला पाणी हवं तर झिरा उकरायचा, हातभर खाली निवळशंख पाणी. वाळू म्हणजे नदीचा रांजण होता. आता त्या पात्रात वाळू नेणाऱ्या हायवा ट्रकची चाकोरी आहे. वाळू गेली तशा काठच्या विहिरी खचल्या, वाड्या संपल्या, आणि वाळूच्या बेटावर उघड्यावर अंडी घालणाऱ्या नदीसुरय पक्ष्याला जागा उरली नाही. टिटव्या बांधावर येऊन अंडी घालतात, सुरयला ते जमत नाही.

आणि मासे. पहिला पूर आला की चढणीचे मासे ओढ्यानं वर यायचे, थेट आमच्या लवणात, भिजलेल्या गवतात. मरळ तिथंच गवत सारून अंडी घालायची आणि नर-मादी दोघं पिल्लांवर पहारा द्यायचे. लालसर पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरताना मी स्वतः बघितला आहे. ज्या पुराला आपण पूर आला, पीक गेलं म्हणतो, तो माशाच्या दृष्टीनं पाळणा असतो. उथळ, कोमट, किड्यामुंग्यांनी भरलेलं पाणी. नदीच्या मुख्य धारेत पिल्लं तगत नाहीत. पूर पसरायला जागाच नसेल तर मासळीही नसते, हे भोयांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आमच्या लवणात आता उसाच्या सऱ्या आहेत आणि बाजारात बाहेरून आलेला चिलापी मासा आहे.

जायकवाडीला मी शिव्या देणार नाही. १८ ऑक्टोबर १९६५ला लाल बहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मधल्या १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी मायच्या तोंडून ऐकत मी वाढलो. खडी फोडायला गेलेली माणसं, मदतीची सुकडी, मिलो ज्वारी. त्या माणसांना २०८ किलोमीटरचा डावा कालवा म्हणजे काय वाटलं असेल, हे आज बाटलीतलं पाणी पिणाऱ्याला कळणार नाही. आमच्या घरात पोरं शिकली ती त्या पाण्यावर. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, उथळ फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, कांड्या करकोचे येतात, पाणी हटतं तसं लोक गाळपेर करतात. तलावानंही स्वतःची एक मळई तयार केली आहे.

पण १०२ टीएमसीचं ते भांडं नुसतं पाणी धरत नाही, गाळही धरतं. ब्रह्मगिरीपासून निघालेली, नाशिक-नगरचा काळा चिखल घेऊन आलेली नदी नाथसागरात थबकते, गाळ खाली बसतो आणि दारातून सुटतं ते निवळ पाणी. आमच्या गावातली म्हातारी माणसं म्हणतात, पूर्वीचा पूर दाट होता, आताचा पातळ आहे. खरं आहे. भरलेली बैलगाडी सावकाश चालते, रिकामी उधळते. तसं गाळ उतरवलेल्या पाण्याला ओढायला ओझं नसतं. मग ते काठ ओरबाडून ओझं भरून घेतं. ते ओझं म्हणजे माझी दीड एकर.

ही गोष्ट मला पुरती कळली ती शेताच्या बांधावर नाही, तिथून कैक मैल पूर्वेला.

२०२३च्या जानेवारीत मायनं हट्ट धरला. गंगेचं उगमाचं पाणी त्र्यंबकला बघितलं, पैठणला षष्ठी किती वेळा केली, गंगाखेडला जनाबाईच्या दारी जाऊन आली. आता समुद्राला मिळते तिथं न्या. धर्माबादचे माझे साडू तेलुगू मातृभाषेसारखी बोलतात, तिकडं सीमेवर सगळेच बोलतात. ते म्हणाले, चला, मी येतो. नांदेडहून रेल्वेनं राजमहेंद्री.

तिथं पुलावरून पहिल्यांदा पात्र बघितलं तेव्हा माय बराच वेळ बोललीच नाही. पलीकडचा काठ धुक्यात. "ही आपलीच का?" तिनं विचारलं. आपली आहे, पण एकटी आपली नाही. वाटेत तिला मांजरा मिळते, प्राणहिता मिळते, म्हणजे विदर्भातल्या वर्धा-वैनगंगा मिळतात, छत्तीसगडची इंद्रावती, शबरी मिळते. १४६५ किलोमीटर लांबी आणि ३ लाख चौरस किलोमीटरच्या वर खोरं. त्यातलं बरंचसं पाणी तेलंगणात आणि त्याच्या खालच्या अंगाला मिळणाऱ्या नद्यांचं. आपल्या मराठवाड्याची गंगा त्या मानानं गरीब. ऑगस्ट १९८६ला भद्राचलमला ७५ फुटांच्या वर पाणी गेलं होतं, त्या पुराच्या गोष्टी तिथं अजून सांगतात.

राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम. १८४७ ते १८५२ या काळात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं तिथं नदीवर आडवा बांध घातला आणि दुष्काळानं पिचलेला तो मुलूख भाताचं कोठार झाला. तिथल्या शेतकऱ्यांच्या मनात त्याचं स्थान बघून मला आश्चर्य वाटलं नाही. पाणी देणाऱ्याला माणूस विसरत नाही. धवळेश्वरमच्या खाली गंगा फुटते, गौतमी आणि वसिष्ठा. वसिष्ठेतून पुढं वैनतेया निघते. या फाट्यांच्या मधला त्रिकोण म्हणजे कोनसीमा. नारळ, भात, केळी, कालवे, परत नारळ. दोन्ही काठांना उंच मातीचे बांध आणि बांधाच्या आत, नदीच्या पात्रात, बेटं. त्या बेटांना ते लंका म्हणतात. लंकेत माणसं राहतात, भाजीपाला-केळी पिकवतात आणि पुरात नावेतून बाहेर पडतात.

एका लंकेवर आम्ही उतरलो. साठीचा एक शेतकरी केळीला पाणी देत होता. साडूंनी ओळख करून दिली, हे वरून आलेत, मराठवाड्यातून, गोदावरीच्याच काठचे. त्यानं आधी मायच्या पायाला हात लावला. मग आम्ही दोघं रानावर बोलायला लागलो आणि साडूंची मध्ये धांदल उडाली. तो म्हणाला, पूर्वी पूर ओसरला की वीतभर ओंड्रु यायचा. ओंड्रु म्हणजे काय, साडू अडखळले. त्या माणसानं वाकून चिमूटभर माती उचलली आणि माझ्या तळहातावर चोळली. गाळ. आमच्या मळईवर येतो तोच. त्यांच्याकडंही वीतभराचा बोटभर झाला होता, आणि दर पुराला लंकेची कड ढासळत होती. तीनशे नारळ होते, कडेचे चाळीस पाण्यात गेले, असं त्यानं बोटं मोडून सांगितलं.

तिथून नर्सापूरला येऊन आम्ही नावेनं वसिष्ठा ओलांडली आणि पलीकडं अंतर्वेदीला गेलो. नरसिंहाचं देऊळ, दीपस्तंभ, आणि पुढं नदी समुद्राला मिळते ती जागा. नदी तिथं शांत, रुंद, आणि समुद्र समोरून लाट घेऊन येतो. दोघांच्या मध्ये वाळूची एक लांब जीभ आहे. माय अनवाणी तिच्यावर चालत गेली. वाळूत काळ्या चकाकत्या पट्ट्या होत्या आणि नदीच्या अंगाला, खारफुटीच्या मुळांत, काळा चिखल. मायनं चिखलात हात घातला, मूठ भरून वास घेतला.

"ही तर आपल्या मळईवाणी हाय."

मी तिला सांगितलं की हे नुसतं तुला वाटतंय असं नाही. गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून नळकांड्यानं गाळ काढून शास्त्रज्ञांनी तपासला आहे. त्यात दख्खनच्या काळ्या दगडाची माती ओळखू येते, आणि गेल्या तीन-चार हजार वर्षांत, पाऊस उणावला, माणसानं रान मोडून शेती वाढवली, तसा तिचा वाटा वाढत गेलेला दिसतो. पाणी प्राणहितेचं जास्त असेल, पण चिखलात आमची काळी माती आहे. ही कोनसीमा, हे नारळ, हे भात, ही खारफुटी आपल्या माळावरून धुपून आलेल्या मातीवरही उभी आहे.

माय म्हणाली, "मंग हितली जमीन समुद्र खायलाय म्हणतेत, तर आपल्याकडची माती कामून येईना?"

सगळ्या गोष्टीचा गाभा तिनं एका वाक्यात विचारला. त्रिभुज प्रदेश म्हणजे स्थिर जमीन नव्हे. तो आपल्याच वजनानं खाली दबत असतो, समुद्र पुढून कुरतडत असतो, आणि नदी दरवर्षी नवा थर टाकून ती तूट भरत असते. दोन्ही बाजू बरोबर राहिल्या तर जमीन राहते. १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ खाली नेत होती. १९९०च्या दशकात तो आकडा ६ कोटी टनांच्या आत आला. १९७६ ते २००१ या काळात समुद्राकडच्या कडेनं, नवी तयार झालेली जमीन वजा जाता, सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन गेली. पाऊस काही निम्म्यावर आला नव्हता. गाळ वाटेत अडला होता.

मायनं वाळूवर बसूनच वाटेतली धरणं-बंधारे बोटांवर मोजायला सुरुवात केली. पैठण. मग आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी. आपलं ढालेगाव. तारुगव्हाण, मुदगल. साडूंनी पुढची घातली, विष्णुपुरी, आमदुरा, बळेगाव, बाभळी, पोचमपाड. दोन्ही हातांची बोटं संपली. "एवढ्या उंबऱ्यातून यायचं तिनं," माय म्हणाली.

आणि उंबरे माशांनाही असतात. धवळेश्वरमच्या खाली जुलै ते सप्टेंबरात समुद्रातून पुलसा चढतो, बंगालची हिल्सा तीच. अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो आणि बांधापाशी येऊन थांबतो. गोदावरीतला झिंगा उलटा, त्याच्या पिल्लांना मुखाकडचं मचूळ पाणी लागतं आणि मग ती नदी चढून वर येतात. माझे आजोबा सांगायचे की त्यांनी गंगेत हातभर मिशांचे झिंगे धरलेत. मला ती म्हाताऱ्या माणसाची वाढवून सांगितलेली गोष्ट वाटायची. अंतर्वेदीला वाळूवर बसलो असताना कळलं की ती खरी असणार.

बंधारे सगळे सारखे नाहीत, हेही सांगायला हवं. जायकवाडीसारखं मोठं धरण गाळ गिळतं कारण त्यात पाणी महिनोन्‌महिने उभं राहतं. नदीपात्रातल्या बंधाऱ्याची दारं पावसाळ्यात पूर्ण वर उचलली, तर दाट पूर बराचसा तसाच पुढं जातो. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचंच बघा. २८ फेब्रुवारी २०१३ला महाराष्ट्र-आंध्रच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची. आमच्याकडं त्या निकालाचं दुःखच झालं, कारण पावसाळ्याचं पाणी अडवता येत नाही. साडूंच्या गावात तो राग अजून आहे आणि मी तो समजू शकतो, पावणेतीन टीएमसी पाणी म्हणजे धर्माबादला थोडकं नाही. पण दोन राज्यांच्या भांडणातून का होईना, चार महिने नदीची एक वाट मोकळी राहते, मासा चढतो, चिखल उतरतो. माझं म्हणणं आहे की वरच्या सगळ्या बंधाऱ्यांवर निदान पहिले दोन पूर तरी असेच सोडावेत. सगळ्यात जास्त गाळ त्याच पाण्यात असतो, उन्हाळाभर तापलेल्या, भेगाळलेल्या रानांचा. दारं खाली टाकायची ती सप्टेंबरात, पाणी निवळल्यावर. बंधारा भरायला तेवढं पाणी उरतं, आणि बंधाऱ्यात गाळ कमी बसतो हा त्याचाच फायदा.

नदीला पसरायला जागा हवी, हे मात्र बंधाऱ्याच्या दारावर सुटणारं नाही. कायद्यात निळी रेषा आहे, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि तिच्या आत बांधकाम नको असं आहे. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. आमच्या जवळच्या एका गावात याच रेषेच्या आत लवण बुजवून प्लॉट पाडले, आणि या सप्टेंबरात त्या घरांतून माणसं ट्रॅक्टरवर बसवून काढली. त्यातली एक बाई माझ्या चुलतबहिणीची नणंद. तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं. प्लॉट घेताना तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे लवण आहे. पाणी मात्र जुन्या वाटेनंच आलं.

माझ्या शेतात मी काय केलं ते सांगून थांबतो. खरडलेल्या दीड एकरापैकी अर्धा एकर परत भरायचं ठरवलं. आमच्या पाझर तलावातला गाळ काढायचं काम निघालं होतं, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून. अर्ध्या एकरावर एक फूट थर द्यायला ट्रॉलीच्या दोनशे खेपा लागल्या. डिझेल, जेसीबी, माणसं. दोनशेवी खेप रिकामी झाली तेव्हा मी ट्रॉलीच्या सावलीत बसून हिशोब केला. खालच्या दीड एकरावर गंगेनं चार बोटं गाळ टाकला तो अशा दीडशे खेपांएवढा भरतो. एका रात्रीत, फुकट, आणि माझ्या हातानं पसरला नसता इतका सारखा. तिनं वरून नेला तो मात्र बारा-पंधराशे खेपांचा. हा हिशोब मी घरात कुणाला सांगितला नव्हता, इथं पहिल्यांदा लिहितोय.

राहिलेली एकर मी सोडली. तिथं आता नांगर जाणार नाही. काठानं वाळ्याच्या दोन ओळी, मागं करंज आणि वाळुंज, त्याच्या मागं बांबू. वाळ्याची मुळं खाली पुरुषभर जातात. भावकीत बोलणी झाली, एकरभर रान मोकळं ठेवतो म्हणजे डोकं फिरलं. नानांनी मात्र गेल्या आठवड्यात येऊन विचारलं, रोपं कुठून आणली. त्यांची कड माझ्या वरच्या अंगाला आहे. त्यांनी लावली तर माझ्यापेक्षा माझ्याच रानाला जास्त उपयोग, आणि माझी झाडं माझ्या खालच्याला.

खालच्या गाळावर आम्ही वाफशावर हरभरा टाकला होता. खत नाही, पाणी नाही. जानेवारीअखेर घाटे भरले. परवा संध्याकाळी पोरांनी मळईतच काट्याकुट्याचा जाळ करून हुळा भाजला. माय बाभळीला टेकून बसली होती, हात काळे होईपर्यंत सोलून खात होती. पलीकडं पात्रात वाळूचा एक नवा पट्टा उघडा पडला आहे, या पुरात आलेला, अजून कुणाच्या नजरेस न पडलेला. त्याच्यावर दोन सुरय उतरल्या. मी माझ्या पोराला दाखवल्या, मोठ्यानं न बोलता.

निघताना मायनं हिरव्या टहाळाची एक मोठी पेंढी बांधून बाजूला ठेवली. "ही धर्माबादच्या पाव्हण्याला धाड," म्हणाली. "आन्‌ सांगून ठिव, पुढच्या साली गंगंचा पुष्कर मेळा हाय, बारा वर्सांनी येतो तो. परत जायचंय तिकडं. त्या केळीवाल्याचे नारळ किती ऱ्हायलेत ते बघायचंय."